जेवणाच्या सुट्टीतला डाव

रविवार, ३ मार्च

प्रिय छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण कामावर जातो. गोदीत नवीन आपोआप चालणारं लेथ मशीन आलंय. बटणं दाबायची आणि हाताची घडी घालून बघत राहायचं. तुला बघवणार नाही. आईची भूक कशी आहे? उजव्या हाताची बोटं अजून हलवते का थोडी?

वर्षभर तुझा एक कागद नाही. फोन आईच्या कानाला लावतोस आणि स्वतः बाजूला होतोस. बरोबरच आहे. "तुला काय, तू घरीच तर असतोस," असं मी गेल्या वर्षी बोललो. जीभ झडायला हवी होती माझी.

पण हे पत्र त्याबद्दल नाही. ज्याबद्दल आहे ते लिहिताना तीन कागद फाडलेत.

आपला कारखाना बंद पडणार हे कळलं तेव्हा गोदीत एकच जागा होती आणि लायक आपण दोघं. आईला अर्धांगवायू होऊन चार महिने झाले होते, एकाला घरी राहणं भागच होतं. दुसरी माणसं बसून बोलली असती. आपण पडलो अतिशहाणे! रोज जेवणाच्या सुट्टीत हत्यारांच्या पेटीवर पैशांऐवजी वॉशर लावून पोकर खेळायचो, तर हेही तिथेच ठरवायचं. पाच पाच पानं, एकच डाव. जिंकेल तो जाईल.

तुझी पानं मला नेहमी कळायची, छोट्या. हात रिकामा असला की तुझी बडबड थांबायची नाही. चांगली पानं आली की तू एकदम मायाळू व्हायचास, हरणाऱ्याची आधीच कीव आल्यासारखा. "दादा, पाणी देऊ? दादा, उन्हात बसलायस, इकडे सरक." हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझे वॉशर गेले असते.

त्या दिवशी माझ्याकडे दोन दश्श्या आणि दोन सत्त्या होत्या. मी एक पान बदललं, काही कामाचं आलं नाही. तू एकही बदललं नाहीस, म्हणजे हात आधीच भरलेला. पानं पालथी ठेवलीस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "दादा, सावकाश. घाई नाहीये."

मला तिथेच कळलं. समोरच्याचा हात वरचढ आहे हे कळल्यावर हार मानून पानं खाली ठेवायची, एवढंच तर त्या खेळातलं शहाणपण. तरी मी सगळे वॉशर पुढे सरकवले, जणू माझाच हात मोठा. तू बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होतास. मग म्हणालास, "तुझं. जा तू."

तुझी पानं पालथीच पडली होती, माझ्या हाताच्या अंतरावर. मी ती उलटली नाहीत. घाईघाईने गड्डीत मिसळली आणि पिसली. लोक जिंकल्यावर असं करत नाहीत.

एकोणीस वर्षं मी गोदीच्या कँटीनमध्ये हा किस्सा रंगवून सांगितला, धाकट्याला कसा घाबरवला म्हणून. लोक हसायचे. गेल्या महिन्यात क्रेनवाल्या म्हाताऱ्यानं ऐकला. तो हसला नाही. म्हणाला, "त्याच्याकडे मोठी पानं आहेत हे तुला कळलं होतं म्हणतोस. मग त्याला काय घाबरायचं कारण होतं?" मी ताट तसंच ठेवून उठलो.

तू घाबरला नव्हतास. मला किती जायचंय ते तू माझ्या तोंडावर वाचलंस. आणि तू सोडशील हे मला माहीत होतं, म्हणून तर मी वॉशर सरकवले. हेच मला लिहायचं होतं. माझं लग्न झालं, मोडलंही. तुझं व्हायचंच राहिलं. दर दोन तासांनी आईची कूस बदलत, मधल्या वेळात लोकांचे पंप दुरुस्त करत तू राहिलास, आणि मी तुला म्हणालो, घरीच तर असतोस.

आता ऐक. गोदीच्या शाळेत लेथ शिकवायला हाताने काम करता येणारा माणूस हवाय. वयाची अट पन्नास, तू सत्तेचाळीसचा आहेस. साहेबांशी बोललोय. वीस तारखेला तुला बोलावलंय, राहायला माझी खोली आहे. मी राजीनामा दिलाय, मंजूरही झालाय. बारा तारखेला येतोय. आठवडाभर मला शिकव, आईला कसं उचलायचं, कसं भरवायचं, रडली की काय बोलायचं. मग तू जा.

नको म्हणशील, मला माहीत आहे. आईला माझी सवय नाही म्हणशील. खरं आहे, पण ती सवय मीच लावायला हवी. तू गेला नाहीस तरी मी येणारच आहे, आणि परत जाणार नाही.

आईला माझा नमस्कार सांग. मी का येतोय ते तिला मी स्वतः सांगेन.

त्या डावात हरलेला,
तुझा दादा