इवायासंगं शंभर उठाबशा

मु. तलमडुगु,
मंगळवार

तीर्थरूप उत्तमराव दाजी यांच्या पायावर (सध्या वाकता येत नाही, म्हणून कागदावरूनच) डोकं ठेवतो. तुमचा चहा अजून बिनसाखरेचा अन् अक्काचा दुसऱ्या भांड्यात चोरून केलेला असेल, असं धरून चालतो. इकडं सारे खुशाल. कापूस बरा हाये, ज्वारी दाण्यावर आली, घरवाली रेणुका मजेत. फक्त कंबरेखालचा सारा इलाखा माह्या ताब्यात नाही. फोनवर सांगितलं असतं, पण तुमी फोन स्पीकरवर ठेवता अन् अर्ध्या वांकिडीले समजते.

तर आमच्या जावयानं, अमरदीपरावानं, बोथ गावाले व्यायामशाळा काढली. (जिम म्हटलं का त्यायले राग येते. 'फंक्शनल फिटनेस' म्हणा म्हणतात. म्हणजे पोतं उचलाचं, पण कुठंच न्याचं नाही.) रविवारी उद्घाटन होतं. नारळ फोडाले मी गेलो अन् आमचे इवाई भगवानरावही आले. (पोरीचे, हर्षालीचे सासरे. बियाण्याचं दुकान, मिशा मोठ्या, बोलणं लहान.) नारळानंतर जोड्यायची शर्यत होती, अन् एक जोडी आलीच नाही. जावई म्हणाले, "मामा, बाबा, तुमी दोघं फोटोपुरते उभे राहा." फोटोपुरतं म्हणून माणूस आयुष्यात कशाकशाले उभा राहते, ते तुमाले सांगाले नको.

नियम असा का दोघायनं मिळून शंभर उठाबशा काढाच्या. एक काढते तवर दुसऱ्यानं वीस किलो वाळूचं पोतं खांद्यावर धराचं, दमलं का अदलाबदल. पोतं पडलं तर पाच लोटांगणं, अन् दर लोटांगणानंतर उडी. वेळ पंधरा मिनिटं. जावयानं कानात सांगितलं का दहा-दहाचे डाव पाडा, सुरुवातीले जोर लावू नका, दम मागून लागते. हा शहाणपणा दोन दोस्तायसाठी ठीक हाये, दोन इवायायसाठी नाही. पहिले दीड मिनिट "पोतं मी धरतो", "छे, मी असताना तुमी कसे?" यातच गेले. शेवटी पोरीचा बाप म्हणून पोतं माह्याकडं आलं.

इवाई सुटले ते जशी स्टँडवरून बस सुटून राह्यली. दहा झाल्या, थांबले नाहीत. वीस झाल्या, तीस झाल्या. (पोराच्या बापानं दहावर थांबाचं तरी कसं?) "आता मी काढतो" असं मले म्हणाचं होतं, पण त्याचा अर्थ "तुमी दमले" असा होते, अन् पोरीच्या बापानं तसा अर्थ काढाचा नसते. माहा खांदा मुका झाला, त्यायचा चेहरा बिटासारखा झाला, पण दोघंही शिष्टाचार सोडाले तयार नाही. अडतिसाव्याले इवाई खाली बसले अन् बसूनच राह्यले. मंग फक्त मले ऐकू येईल असं बोलले, "अमृतराव, उठवा बा मले. पोरायले दिसू देऊ नका."

दाजी, लग्नाले तीन वर्षं झाली. या माणसानं माह्याकडं आजवर काही मागितलं नव्हतं. (हुंडासुद्धा नाही, खोटं कशाले बोलू.) मी पोतं फेकलं, बगलेत हात घालून त्यायले उभं केलं. लोकायले वाटलं गळाभेट चालू हाये, त्यायनं टाळ्या वाजवल्या. लोटांगणं तीन मी घातली, दोन त्यायनं. उडी कोणीच मारली नाही, नुसत्या टाचा उचलल्या.

तिथून आमी सहा-सहाचे डाव पाडले. मोठ्यानं मोजत, एकमेकाच्या तोंडाकडं पाहत, दोघं मिळून मोठी ताडपत्री घडी करतात तसं. साठ उठाबशायच्या पुढं कुठंतरी पोतं देता देता इवाई म्हणाले, "हर्षाली काही... सांगाले येते... अन् चहा देऊन जाते. काय हाये?"

तुमाले ठाऊकच हाये, पोरीनं बी.पी.एड. केलं. व्यायामशाळेचं ठरलं तवापासून, आठ महिने, तिथं बायायची बॅच घ्याचं तिच्या मनात होतं, पण सासऱ्यापुढं तोंड उघडत नव्हती. अन् मी तरी कोण्या तोंडानं विचारू? पण दम लागला का माणसाले तोंड सांभाळता येत नाही.

"बायायले शिकवाचं म्हणते," मी म्हटलं.

"मंग काऊन नाही सांगत?"

"तुमाले भेते."

त्यायनं खांद्यावरचं पोतं सावरलं. माह्या सहा उठाबशा मोठ्यानं मोजल्या. मंग म्हणाले, "माहे हे हाल! मले काय भेते ते? सोमवारपासून घे म्हणा."

माही मोजणीच चुकली. डोळ्यात पाणी आलं ते घामात खपून गेलं.

शंभर झाल्या तवर वेळ कवाच संपला होता, लोक पाणी पिऊन खुर्च्या उचलून राह्यले होते. आमाले तिसरा नंबर भेटला. काल बॅच सुरू झाली. अकरा बाया आल्या, त्यात चौघी लुगड्यात. हर्षाली शिट्टी वाजवून राह्यली होती, अन् इवाई दारात खुर्ची टाकून बायायच्या चपला राखत बसले होते. मी फार समाधानात हाये.

अक्काले नमस्कार.

तुमचा,
अमृतराव

ता. क. जोड्या तीनच होत्या.

ता. क. दुसरा (खरं पत्र इथून). येत्या रविवारी बॅचमधल्या बायायची जोडीची शर्यत हाये, जोडीदार घरचा कोणीही चालते. रेणुकेनं बॅचले बी अन् शर्यतीले बी आपलं नाव देऊन टाकलं, अन् जोडीदार म्हणून माहं. मी अजून उठताना खाटेचा खूर धरतो. म्हणून शनिवारच्या बसनं अक्काले धाडून द्या. भाचीनं बोलावलं म्हणा. पोतं तिले इथं आल्यावर दाखवू.