कोळशाचा चौकोन

बाबा, मी आता आलेख काढते. कोणत्या देशात वीज कशापासून तयार होते आणि वर्षागणिक ते कसं बदलत जातं, हे शाळेच्या पुस्तकात रंगीत पट्ट्यांनी दाखवायचं. सगळ्यात खाली कोळसा, त्याच्यावर पाणी, गॅस, अणू, वर वारा आणि ऊन. कोळशाचा पट्टा काही देशांत जाड होत जातो, काहींत बारीक होत संपतो. नव्या आवृत्तीत जुनी वर्षं गाळली, तेव्हा एका देशाच्या आलेखात कोळसा उरलाच नाही. शेजारी बसणारी म्हणाली, "ताई, खालच्या रंगांच्या सूचीतला कोळशाचा चौकोन उडवू?"

आजोबांच्या काळी गिरणीतले माग वाफेवर फिरायचे. तुमच्या काळात ते घाटातल्या पाण्याच्या विजेवर फिरू लागले, आणि तुम्ही कोळसा घालायचात त्या बॉयलरची वाफ खळ शिजवायला आणि कापड रंगवायला उरली. तरी तुम्ही म्हणायचात, गिरणी मीच चालवतो. संप झाला त्या वर्षी खंडेनवमीला पूजेसाठी तुमचं फावडं घरी नव्हतं, ते गिरणीत अडकलेलं. तुम्ही आईच्या शेगडीतला एक कोळसा पाटावर मांडलात. हळदकुंकू वाहिलंत. आई म्हणाली, "अहो, मग भात काय झेंडूवर शिजवू?" तुम्ही म्हणालात, "एकच घेतलाय गो. बॉयलर पेटला की गोणभर आणतो." तो कोळसा देवांपाशी राहिला.

दिवाळीनंतर एका सकाळी चिमणीपाशी धूर दिसतो. "पेटला!" तुम्ही गॅलरीतून ओरडता, डबा भरून घेता. शेजारचे काका दात घासता घासता हसतात, "संप मिटला काय रे? पुढाऱ्यांना तरी सांग जाऊन!" तुम्ही डिलाईल रोडने चालू लागता. दुपारी भरलेला डबा घेऊन परत येता. "चिमणीच्या मागे कचरा जाळत होते," एवढंच बोलता, आणि उंबऱ्यापाशी बसून तो डबा खाता. आई देवांपाशी जाते. कोळसा उचलून कुंकवासकट शेगडीत घालते आणि चहा ठेवते. तुम्ही बघता. कप पुढे आल्यावर पिता.

बॉयलर पुन्हा पेटला नाही. चिमणी पाडली तेव्हा तुम्ही नव्हतात.

मी म्हटलं, "चौकोन राहू दे." "पण पट्टाच नाहीये, ताई." "राहू दे." पान तसंच छपाईला गेलं. एखादी मुलगी कोळसा शोधत बसेल. चौकोन ठेवताना काहीतरी वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही.

त्या दुपारचा चहा मीही प्यायले होते, बाबा. चांगला झाला होता.