चव नोंदवहीतला माझा शेरा

आदरणीय गफ्फारभाऊ यांस, चामोर्शीच्या अलीकडच्या वृद्धाश्रमातून बापूरावचा जयभीम आणि ईदचा उशिराचा सलाम.

तुमच्या गुडघ्याचे काय झाले ते कळवा. तिकडे पोंभुर्ण्याला सरफराज, सूनबाई रूही आणि मुले मजेत असतील असे धरून चालतो (तसे धरल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडत नाही). माझी प्रकृती बरी आहे. बीपी थोडे वर असते. ते काळजीने चढते असे डॉक्टर म्हणतात, आणि ते ऐकून काळजी वाढते. इथली जागा हवेशीर आहे, जेवण उत्तम आहे, मीठ बरोबर. आता मूळ गोष्टीकडे येतो, कारण आठ दिवसांपासून ती माझ्या छातीवर बसली आहे.

मागच्या दिवाळीनंतर आमच्याकडे रोशनीबाई अधीक्षक म्हणून आल्या. वयाने माझ्या नातीएवढ्या, पण आमच्याच पंगतीत बसून जेवतात. आधीचे अधीक्षक घरून डबा आणत (आणि दार लावून खात), त्यावरून काय ते समजा. रोशनीबाईंनी चव नोंदवही सुरू केली, शाळेत पोरांच्या खिचडीसाठी असते तशी. पंगतीच्या अर्धा तास आधी एका रहिवाशाने स्वयंपाकघरात जायचे, प्रत्येक पदार्थ चाखायचा, शेरा लिहून सही करायची. लिहिता येणारे आणि डोळे शाबूत असलेले आम्ही दोघेच निघालो. दुसरे मंगरूजी, पण त्यांचे स्वयंपाकीण सुकरीबाईशी भांडण, म्हणून नेमणूक माझी झाली. भाऊ, मी चौथी नापास माणूस. जन्मभर लाकूड डेपोत ओंडक्यांवर हातोड्याने नंबर ठोकले. माझे मत कोणी कधी तोंडी विचारले नव्हते, इथे तर लेखी मागत होते. त्या आनंदात एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती तुम्हालाही सांगितलेली नाही. दोन वर्षांपूर्वीच्या त्या तापानंतर मला चव लागत नाही. साखर आणि राख मला सारखीच. (मागच्या ईदेला तुमच्या शीरखुर्म्याची मी जी तारीफ केली, ती रंग पाहून केली होती. माफ करा.)

तरी काम अडले नाही. आमच्यातल्या अख्तरीबाई रोज स्वयंपाकघरात लसूण सोलायला बसतात. त्यांची जीभ तेज, आणि जिभेला कळलेले सगळे चेहऱ्यावर दिसते. मी मान म्हणून वाटी आधी त्यांच्यापुढे करायचो. कपाळाला आठी पडली की 'किंचित तिखट' लिहायचो, डोळे मिटले की 'उत्तम', आणि पदराने तोंड पुसले की सुकरीबाईला पाणी वाढवायला सांगायचो. बापूरावभाऊंच्या जिभेत तराजू बसवला आहे, असे सुकरीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली. मग रमजान आला.

रोज्यात अख्तरीबाई वाटीकडे बघणारही नाहीत, हे मला आधी सुचायला हवे होते (तुमच्याशी साठ वर्षांची दोस्ती असून सुचले नाही, याची लाज वाटते). मी आपला रोज 'मीठ बरोबर' लिहीत गेलो, आणि रोज बरोबरच निघत गेले, त्यामुळे धीर आला. अशात तपासणीचे साहेब येणार असे कळले. त्या दिवशी सुकरीबाईचे सगळे लक्ष फाटकाकडे होते. तिने वरणात मीठ घातले, आणि घातले की नाही या शंकेने पुन्हा घातले. मी वाटी तोंडाला लावली, वर हिरवागार सांबार (साहेबांच्या भाषेत कोथिंबीर) चिरून टाकलेला दिसला, आणि लिहिले, 'वरण उत्तम, मीठ बरोबर'.

पंगत बसली. रोशनीबाईंचे नाव खराब होऊ नये म्हणून सगळे म्हातारे माना खाली घालून वरण गिळत होते आणि घासागणिक पाणी पीत होते. रांजण तळाला गेला तेव्हा साहेबांनी विचारले की इथे ऊन नेहमी इतके असते काय. मग त्यांनी स्वतः एक घास घेतला, पाणी मागितले, ते संपले होते, म्हणून नोंदवही मागितली.

बापूराव कोण, असे विचारल्यावर मी उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, माह्या जिभेले दोन वर्षांपासून चवच नाई. अधीक्षक बाईची काई चूक नाई."

रोशनीबाई म्हणाल्या, "मले मालूम आहे. यांच्या मागून मी रोज चाखतो. आज तुमच्यासाठी फाटकावर गेली होती."

"मग यांना ठेवलं कशाला?"

"हे रोज सगळी झाकणं उघडून पाहून राह्यले म्हणून. तवापासून भाजी धुतली जाते, साहेब."

साहेब हसले नाहीत. शेरा लिहून गेले की चव घेणाऱ्यास चव नाही, महिन्याभरात दुसरा नेमावा, न नेमल्यास अधीक्षकांना बदलावे. झाकणे माझ्याकडेच राहिली आहेत, पण दुसरा माणूस मिळत नाही. मंगरूजींना बसवून पाहिले, त्यांनी पहिल्याच दिवशी शेरा लिहिला, 'सुकरीबाईस काढावे'. अख्तरीबाईंनी चाखावे आणि मी लिहावे असे सुचवले, पण त्या रुसल्या आहेत. इतके दिवस आपला चेहरा मी न विचारता वापरला, असे म्हणतात. रोशनीबाई गेल्या तर पुन्हा कोणी डबेवाले अधीक्षक येतील, या विचाराने माझी झोप गेली आहे. बाकी काळजी करण्यासारखे काही नाही.

तुमचा
बापूराव

ता. क. मागच्या पत्रात तुम्ही लिहिले होते की रूहीच्या चहात तुम्हाला रोज नवा दोष सापडतो आणि ती बिचारी वैतागली आहे. चामोर्शीच्या बाजारातला एकही चहावाला तुम्ही रडवल्याशिवाय सोडला नव्हता, हे मी रोशनीबाईंना सांगून बसलो आहे. माझ्या खोलीत खिडकीजवळची खाट रिकामी आहे. सरफराजला वाईट वाटू नये म्हणून दोस्ताकडे जातो, असेच सांगा. पुढच्या रोज्यांना अकरा महिने आहेत, हे या वेळी विचारून घेतले आहे.

आणखी एक. वर सुरुवातीलाच 'जेवण उत्तम आहे, मीठ बरोबर' असे लिहून गेलो आहे, ते सवयीने. खरे कसे आहे ते तुम्ही येऊन मला सांगा.