पंपावर राहिलेली नळी

३ मार्च, सोमवार
काय हा मूर्खपणा! शुक्रवारी स्फटिकांची नळी घेऊन फ्रीजरकडे निघाले, मध्येच फोन आला, नळी ठेवली निर्वात पंपाच्या डोक्यावर — आणि सरळ घरी! आज येऊन पाहते तर तिथेच. पंप चालू, झाकण चांगलं कोमट. सरांचा तर एकच धर्म: फुलरीनचा, म्हणजे कार्बनच्या चेंडूंचा, क्षार तयार झाला की थेट फ्रीजर, नाहीतर बिघडला म्हणून समजा. आजूबाजूला कोणी नव्हतं. गुपचूप आत सरकवली. आई म्हणते ते काही खोटं नाही, "रोज दूध उतू घालवणारी तू, तुझ्या हाती काचा देतं कोण?"

१० मार्च
चुंबक! अतिथंड केल्यावर माझी नळी चुंबक झाली. तीच, पंपावरची! सर नाचायचेच बाकी होते. "याला म्हणतात शिस्त!" — सगळ्यांसमोर. मी हसले. लाज वाटत होती, तरी हसले.

२१ मार्च
मास्तरच्या सगळ्या नळ्या मुक्या, एकही चुंबक होईना. (शाळेतली नोकरी सोडून संशोधनाला आला, म्हणून मीच ठेवलेलं नाव.) कृती तीच, रसायनं तीच, बनवल्याबरोबर फ्रीजरमध्ये. सर बैठकीत म्हणाले, "तिला जमतं, तुला का नाही? हात जरा स्वच्छ ठेवत जा." तो मान खाली घालून उभा. आणि मी? मूग गिळून चहाच्या कपात बघत बसले. महिनाअखेर त्याच्या नेमणुकीची मुदत संपते. वाढवून देणं सरांच्या हातात आहे.

२४ मार्च
राहवेना. त्याची एक नळी न विचारता पंपावर ठेवली.

२८ मार्च
त्याचीही चुंबक!
म्हणजे सगळी करामत उबेची. कार्बनचे ते चेंडू ऊब मिळाली की हळूहळू वळून नीट बसतात, मग थंडीत चुंबक होतात. लगेच गारठवले तर वेडेवाकडे तसेच अडकून राहतात. मास्तरने नियम पाळला, म्हणून तो नालायक ठरला! सोमवारी सरांना सांगणार. नक्की.

३१ मार्च
सर बाहेरगावी. फोनवर सांगता आलं असतं. दोनदा फोन हातात घेतला, दोनदा ठेवला. आज मास्तरचा शेवटचा दिवस होता. जाताना माझ्या स्टुलाचा डुगडुगणारा पाय नीट करून गेला. शी! किती भित्री आहे मी.

२ एप्रिल
सांगितलं. सर आधी भडकले, मग डोळे चमकले. "अगं, हा तर शोध आहे! शोधनिबंधात तुझं नाव पहिलं."
मी म्हटलं, आणि मास्तर?
"त्याची मुदत संपली ना परवा. जागा दिली मी दुसऱ्याला."
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

३ एप्रिल
मास्तरला फोन केला. रडत रडत सगळं ओकले. तो म्हणाला, "त्या सोमवारी मी दारातच होतो गं. तू पंपावरची नळी उचलून फ्रीजरमध्ये सरकवताना पाहिलं. सरांना सांगितलं असतं, तर तुझी नळी बिघडलेली ठरली असती, चुंबक खोटा ठरला असता. म्हणून गप्प बसलो."