कमरेतून उसवलेला ड्रेस

आंधळगाव
२ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. हर्षा आत्याले सूरजचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुले आयकू येत नाही, अन् तू नुसती हो हो करून ठेवून देतेस. म्हणून कागद घेतलो. अक्षर मुंग्यायची रांग आहे, पण दहावीले तीनदा बसलेल्याचं आणखी कसं राहीन?

मी एक बदमाशी केलो. दिवाळीची साफसफाई करतानी माळ्यावरच्या पेटीत मोरपंखी पंजाबी ड्रेस अन् वरून घालाचं कोशाच्या रेशमाचं जाकीट भेटलं. दोनी घातलो, वढणी घेतलो अन् संध्याकाळी ओट्यावर पाठमोरा बसलो. बाबा वरठीहून ड्युटी करून आले का पाहुणीबाई पाहून गडबडतीन, मंग मी तोंड फिरवून मिशी दाखवीन, असा बेत. पण बाबानं गाडी स्टँडवर लावलीच नाही. तशीच हातातून सोडली. मिशी दाखवलो तरी हासले नाही, जेवलेबी नाही. सकाळी येवढंच म्हणाले का तो हर्षाचा आहे, तिच्या लगनाआधीचा, ठेवून दे.

आत्या, खरं सांग. तो तुझा आहे का माझ्या आईचा? मी आठ दिवसाचा होतो तवा ते गेली. लगनाच्या फोटोत मुंडावळ्याच्या मागं तिचं नाकबी धड दिसत नाही. ड्रेसच्या बाह्या मले कोपरावरी येते. तिचा असन तर तिचे हात केवढे होते, येवढं तरी माहीत पडन.

तुझ्या घरी मामाजीले नमस्कार. रागावशील तर लिहूनच रागव, अन् लोभ तेवढा पातळ होऊ देऊ नको.

तुझा सूरज

चिखला
९ ऑक्टोबर

चि. सूरजले आत्याचे अनेक आशीर्वाद.

मिशी ठेवून बाईचा ड्रेस घालते, लाज नाही वाटली का रे? तुझे मामाजी खाणीतून दमून आले होते, त्यायले पत्र वाचून दाखवलं तर पोट धरून हासले. ड्रेस माझाच आहे. लगनाआधीचा, म्हणजे पंचवीस वर्साचा झाला. आता घडी करून ठेवून दे अन् भुपेंद्रले, तुझ्या बाबाले, तरास देऊ नको. धान निसवलं का, लोंब्या आल्या का ते कळव. वेळेवर जेवत जा.

माया असू दे, बदमाशी कमी असू दे.

तुझी आत्या

आंधळगाव
१६ ऑक्टोबर

ती. आत्याले नमस्कार. धान निसवलं. अन् तू फसली.

ड्रेसच्या गळ्यामागं टिकाराम टेलरची पट्टी आहे. त्याच्या दुकानात गेलो. बुढा ज्याचं कपडं शिवते त्याच्या कापडाचा एक तुकडा मापाच्या वहीत टाचून ठेवते, बाजूले नाव अन् तारीख. बायायले घडीघडी माप द्याची शरम वाटते, म्हणून तुकडा पाहून जुनं माप काढते म्हणे. चौथ्या वहीत मोरपंखी तुकडा भेटला. मोना भुपेंद्र, म्हणजे माझी आई, ऑक्टोबर २००५. तुझ्या लगनाले तवा चार वर्सं झाली होती, आत्याबाई.

जाकीट त्या पानावर नव्हतं. ते निघालं एप्रिल २००६ मधी. म्हणजे ड्रेस वीस वर्साचा अन् जाकीट माझ्याहून तीनच महिन्यानं मोठं. मंग बुढ्यानं चष्मा लावून ड्रेस उलटा केला. कमरेत दोनदा शिलाई उसवून आतलं जास्तीचं कापड सोडलं होतं. एकदा हिरवा धागा, एकदा काळा. मले विचारलं का पोरा, तुझा जनम कधीचा? मी म्हणलो जुलै २००६. मंग त्यानं चहा सांगला.

आत्या, त्या ड्रेसमधी मी होतो. काहून लपवून राहिले तुमी?

उत्तर दे, मंग लोभाचं पाहू.

सूरज

चिखला
२५ ऑक्टोबर

चि. सूरज, आशीर्वाद.

खोटं लिहिलं, चुकली मी. मोनाले टिकारामकडं मीच नेत होती. दोनदा कमर वाढवली, तरी तलावावर जातानी पोट दिसते म्हणून तिले लाज वाटे. मंग मी कोसा आणून जाकीट शिवाले लावलं. घातलं, पण बटन कधी लावली नाही. म्हणे, बाळाचा दम घुटन. उंचीनं तुझ्या बाबाच्या खांद्यावरी होती. हासतानी हात तोंडावर ठेवे.

ते तुझ्या बाळंतपणात गेल्यावर भुपेंद्रनं सारे कपडे वाटले, हे दोन ठेवले. तू आपल्याच जिवाले दोष देशील म्हणून तो बोलत नाही. मलेबी बोलू देलं नाही. आता त्याले तूच विचार, बेटा.

आत्यावरचा राग गेला का लिहीजो. वाट पाहून राहिली.

तुझी आत्या

आंधळगाव
२ नोव्हेंबर

ती. आत्याले साष्टांग नमस्कार.

विचारलो. बाबानं ड्रेस अन् जाकीट पिशवीत घातलं अन् म्हणाले, चल. टिकारामच्या दुकानात बाबानं वहीतल्या त्या तुकड्यावर बोट ठेवलं ते लई वेळ उचललंच नाही. टिकाराम म्हणे, कापड अजून दमदार आहे, कमर पहिल्यासारखी आत घेऊन देतो, घरात कोणाले तरी कामी पडन. मी हो म्हणणारच होतो. बाबानं ड्रेस त्याच्या हातातून वढून घेतला.

म्हणाले, "राहू द्या. तेवढी जागा सूरजची आहे."

मले बायर जाऊन उभं राहा लागलं, आत्या.

राग गेला. माया हाये तशी ठेव.

तुझा सूरज