मनगटावरची आमटी

पनवेल, रविवार, १२ फेब्रुवारी १९६७

आमच्या लेकीला, सुमीला, आपट्याचं स्थळ. पत्रिका जुळली म्हणून जेवायलाच बोलावलं, गोत्र विचारायचं राहिलं. मुलगा मनगटावर ओघळलेली आमटी जिभेने टिपत होता, थेट माझ्या धाकट्या भावासारखा. ताक आणायला आत गेलो तर ही कुजबुजली, "गोत्र विचारा. ही जीभ आपल्याच घरातली."

मी प्राणिशास्त्राचा मास्तर, गप्प कसा बसणार? सांगितलं, फुफ्फुसं नसलेले सॅलमँडर, म्हणजे पालीसारखे दिसणारे उभयचर, जीभ फेकून किडा टिपतात, पण ती जीभ वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे आली असावी. जिभेवरून नातं ठरत नाही.

हिने ताकाचं भांडं हातात दिलं.

बाहेर येऊन विचारलं. कौशिक. आमचंच. झालं, मोडलं.

मुलगा अजून मनगट चाटत होता. सॅलमँडरांना निदान बायको नसते, गोत्र विचारा म्हणणारी.