गोळीनंतरचा दिवा

माय,

आज पुढच्या महिन्याच्या गोळ्या आल्या. बुलढाण्याच्या औषधवाल्यानं एसटीच्या पार्सलनं पाठवल्या, सोबत रक्त तपासायची चिठ्ठी. किंमत वहीत मांडली आहे, तुला सांगत नाही. ऐकलीस तर तिथूनही ओरडशील.

उजव्या गुडघ्यात नवा सांधा बसवला होता, तो सुजला. आतलं पाणी तपासलं तर बुरशी निघाली. मला लोणच्याची बरणी आठवली. ओला चमचा घातला म्हणून तू माझ्या पाठीत धपाटा घातला होतास, आणि बुरशी खालपर्यंत उतरते म्हणून अख्खी बरणी उकिरड्यावर रिकामी केली होतीस. डॉक्टरांनीही तसंच केलं. सांधा काढला, त्या जागी औषध कालवलेला सिमेंटचा ठोकळा बसवला. आता काही महिने सकाळ-संध्याकाळ बुरशीची गोळी, रिकाम्या पोटी. बुरशी मेली तर पुन्हा सांधा बसेल, नाही तर पाय जन्मभर ताठ. तोवर मी वॉकर धरून घरातल्या घरात.

सकाळी उठले की गोळी, मग खुर्चीवर बसून पूजा. पहिल्याच आठवड्यात नवल झालं. निरांजन लावलं आणि ज्योतीभोवती तेजाचं मोठं कडं उभं राहिलं, पितळेचा बाळकृष्ण निळसर झळकायला लागला. मग रोजच. कोणाजवळ बोलले नाही. लहानपणी चुलीपाशी तुला विचारलं होतं, "माय, तुले देव दिसते काय वं?" तू म्हणालीस, "मले भाकर दिसते, करपून राह्यली थे. पलटव आधी." आता वाटलं, तुला दिसला नाही तो मला दिसतो आहे. दुखणं देऊन त्यानं भरपाई केली.

मागच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "काकू, गोळी घेतल्यावर डोळ्यांपुढे चमकतं का? रंग वेगळे दिसतात?" खोटं बोलवेना. "दिव्याभोवती दिसतं," म्हटलं. "औषधाचंच आहे ते, थोड्या वेळानं जातं. उन्हात जाऊ नका. फार त्रास होत असेल तर दुसरं बघू, पण तुमच्या बुरशीला हेच लागू पडतंय." मी म्हटलं, हेच राहू द्या.

परतताना गाडीत तुझे जावई म्हणाले, "काऊन गप्प बसली? रिपोर्ट तं चांगला आला." मी सगळं सांगून टाकलं. ते हसून बेजार. "म्हंजे देव मेडिकलवर भेटते! पावती सांभाळून ठेवजो बरं." मला हसू आलं, आणि मग रडूही.

दुसऱ्या दिवशी आधी पूजा केली, गोळी नंतर. देव होता तसा, पितळेचा, कानापाशी काळवंडलेला. चिंचेनं घासायला झाला आहे. इतके दिवस तेजातच गुंग होते, गुडघ्याचं काही मागायचं राहूनच गेलं होतं. त्या दिवशी मागितलं. पायावर उभं कर, म्हटलं, बाकी मी बघते.

हे पत्र टाकायचं कुठं? पाकीट आणलंच नाही, तेवढीच बचत. तुला म्हणून सांगते, संध्याकाळची गोळी मी अजून दिवा लावायच्या आधीच घेते. तुला तिथं देव कसा दिसतो, ते मात्र उलट टपाली कळव.